2020 च्या पदवी परीक्षांचा घोळ खरंच विद्यापीठांनी घातला का?

कोविडकाळातल्या परीक्षांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: 'सरकारने अंतिम वर्षाची परीक्षा रद्द केली होती, विद्यापीठांनी हट्टाने घेतली. चार महिने झोपा काढल्या आणि शेवटी परीक्षा न घेताच डिग्र्या वाटल्या.' हे आरोप एकमेकांशीही जुळत नाहीत. तरी एकेक तपासून बघू, कारण त्या मुलांना अजूनही 'कोविड बॅच' म्हणून हिणवलं जातं आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

'सरकारने रद्द केली होती.' कोणत्या सरकारने? यूजीसीने, म्हणजे केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने, 29 एप्रिलला सांगितलं, जुलैत परीक्षा घ्या. 31 मे रोजी महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, परीक्षा होणार नाही. 19 जूनला तसा शासन निर्णयही निघाला. त्याला राज्यपालांची, म्हणजे विद्यापीठांच्या कुलपतींचीच, हरकत होती. 6 जुलैला यूजीसीचं नवं फर्मान आलं: सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच. आठवड्याभरात राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने पुन्हा नकार दिला. अनुदान राज्याचं, नियम यूजीसीचे आणि कुलपती राजभवनात. कुलगुरूंनी नेमकं कुणाचं ऐकायचं होतं?

उत्तर 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिलं. साथ बघून राज्य परीक्षा पुढे ढकलू शकतं, त्यासाठी यूजीसीकडे मुदत मागू शकतं. पण परीक्षेशिवाय अंतिम वर्षाला पास करू शकत नाही. जूनमध्येच विद्यापीठांनी सरासरी गुणांवर पदव्या देऊन टाकल्या असत्या, तर ऑगस्टनंतर त्या पदव्यांचं काय झालं असतं? नोकरीला लागलेल्या, परदेशी प्रवेश घेतलेल्या मुलांच्या हातात वादग्रस्त कागद राहिला असता. थांबणं हाच त्यातला शहाणपणा होता.

'झोपा काढल्या.' परीक्षा घ्यायची नाही असा शासन निर्णय समोर असताना परीक्षा विभाग वेळापत्रक लावणार कसं? त्यात अनेक वसतिगृहांत विलगीकरण केंद्रं होती. न्यायालयाच्या निकालानंतर मात्र पाचेक आठवड्यांत सगळी पद्धत बदलली. मुंबई विद्यापीठाने कॉलेजांचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक अग्रणी कॉलेज दिलं आणि 50 गुणांचा, एका तासाचा बहुपर्यायी पेपर ठरवला. 'सविस्तर चर्चा करा' असे प्रश्न वर्षानुवर्षं काढणाऱ्या मराठीच्या किंवा इतिहासाच्या प्राध्यापकाला आता प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय हवे होते. त्यातले तीन चुकीचे, पण अगदीच हास्यास्पद नकोत. असे प्रश्न शेकड्यांनी, विषयवार. दुसरीकडे शिक्षक मुलांना फोन करत होते: स्मार्टफोन तुझा की भावाचा, गावात रेंज कुठे मिळते, लाइट किती वेळ जाते?

गडबड झाली नाही असं मी म्हणणार नाही. पुणे विद्यापीठाची परीक्षा 12 ऑक्टोबरला सुरू झाली तेव्हा अनेकांना लॉगिनच होईना; त्यांच्यासाठी पुढे फेरपरीक्षा घ्यावी लागली.

विद्यापीठांवर माझाही एक आरोप आहे, पण तो त्या मजकुरात नाही. जून ते ऑगस्ट मुलांशी कुणी धड बोललं नाही. 'काय ठरलंय, काय अजून ठरलेलं नाही, तोवर तुम्ही काय वाचा' एवढी अर्ध्या पानाची सूचना दर आठवड्याला वेबसाइटवर टाकायला कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नव्हती. मुलांना आपलं भवितव्य टीव्हीवरच्या पट्टीतून कळत होतं. याची जबाबदारी ना यूजीसीची, ना मंत्रालयाची.

'परीक्षा न घेताच डिग्री.' हे साफ खोटं. परीक्षेविना पुढे गेली ती पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं, त्यासाठी यूजीसीचं सूत्र होतं: निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, निम्मे आधीच्या सत्राचे. अंतिम वर्षाने ऑक्टोबरात परीक्षा दिली. ती सोपी होती, निकाल चढे लागले, मान्य. पण तीन वर्षांच्या पदवीची सहा सत्रं असतात. वेळेत शिकत आलेल्या मुलांनी त्यातली पाच नेहमीसारखी, हॉलमध्ये बसून, पुरवण्या जोडत दिली होती. मुलाखतीत ज्यांना शंका येते त्यांनी त्या पाच सत्रांच्या गुणपत्रिका मागाव्यात. मुलांकडे त्या आहेत.