चवीची नोंद होते, भाजलेल्या हाताची होत नाही

दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक आहे. गेल्या मार्चमध्ये, सकाळची शाळा चालू असताना, पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या एका ताईंच्या हातावर उकळती आमटी सांडली आणि मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी सोलवटून निघाली. दोघी मिळून पातेले उतरवत होत्या, एका बाजूचे फडके निसटले, एवढेच निमित्त झाले. सहकारी शिक्षकाने त्यांना मोटारसायकलवरून आरोग्य केंद्रात नेले आणि औषधांचा खर्च आम्ही वर्गणी काढून भागवला. दुपारी दप्तर पूर्ण करायला बसलो तेव्हा मात्र मला मनापासून शरम वाटली. 87 मुले जेवल्याची नोंद झाली, तांदूळ आणि डाळ किती लागली ते लिहून झाले, चव नोंदवहीत 'चांगली' असा शेरा मारून मी सहीही केली. ताईंचा हात भाजला, हे लिहायला एकाही वहीत रकाना नव्हता.

शासनाच्या निकषाप्रमाणे 25 मुलांपर्यंत एक, 100 पर्यंत दोन आणि पुढे प्रत्येक शंभरामागे आणखी एक स्वयंपाकी-मदतनीस मिळते. केंद्राने 2009 मध्ये या कामासाठी दरमहा 1000 रुपये ठरवले. महाराष्ट्राने आपली भर घालत 2023 मध्ये ही रक्कम 2500 वर नेली, तीही वर्षातील दहाच महिन्यांसाठी. महिन्याचे 25 दिवस धरले तर दिवसाला 100 रुपये पडतात. त्या बदल्यात तांदूळ निवडण्यापासून शेवटचे पातेले घासेपर्यंत चार-पाच तास, सोलापूरच्या उन्हात, पत्र्याच्या शेडखाली, पेटत्या शेगडीसमोर उभे राहायचे.

याच राज्यात 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. शिवाय 2005 च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी ठेवण्याचे, तसेच इजा झाल्यास मोफत उपचार देण्याचे बंधन घातले होते. खडी फोडणाऱ्या बाईला कायद्याने जे देऊ केले, ते शाळेच्या चुलीपुढच्या बाईला का नको? याचे मूळ 'मानधन' या शब्दात आहे, असे माझे ठाम मत आहे. सवडीने सेवा देणाऱ्याचा मान राखण्यासाठी द्यायचे ते मानधन, आणि या ताईंना तर घर चालवायचे आहे. वेतन म्हटले की किमान वेतन, रजा, अपघाताची भरपाई हे सगळे मागोमाग येते; मानधन म्हटले की सगळेच दाराबाहेर राहते.

अशा तोकड्या मजुरीला 'आशियाड' खटल्यातील, म्हणजे दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यातील, सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या निकालाने वेठबिगारी ठरवले आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे राज्यघटनेच्या कलम 23 चा भंग ठरते, असे न्यायालयाने त्यात म्हटले. पुढे 2020 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हेच तत्त्व थेट माध्यान्ह भोजन शिजवणाऱ्या महिलेला लागू केले. 2013 च्या भारतीय श्रम परिषदेनेही योजनांवरील अशा महिलांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस केली होती.

आम्ही शिक्षकही यात दोषी आहोत. शिक्षणसेवकांचे मानधन 2023 मध्ये 6000 वरून 16000 झाले, तेव्हा आम्हाला आनंद झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संप केला, आणि ती मागणी रास्तच होती. मात्र या ताई आपल्या मागण्या घेऊन सोलापूरच्या पूनम गेटवर धरणे धरून बसतात तेव्हा आमच्यातले किती जण शेजारी जाऊन बसतात? एकाच आवारात आपण राबतो. मला पगारी वैद्यकीय रजा आहे, आणि हात भाजलेल्या आमच्या ताई तिसऱ्या दिवशी हाताला पांढरे फडके गुंडाळून कामावर हजर झाल्या.

म्हणून शिक्षक संघटनांच्या पुढच्या निवेदनात या ताईंसाठी बारा महिन्यांचे किमान वेतन, अपघात विमा आणि पगारी रजा या मागण्या आपल्या मागण्यांबरोबरच घ्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शेडमध्ये अग्निशामक आणि भाजल्यावरचे मलम ठेवणे तर उद्याही जमेल.

माझ्या शाळेत मी अपघात नोंदीची एक साधी वही घातली आहे. पहिली नोंद मार्चमधल्या त्या दिवसाची आहे. वाचून दाखवल्यावर ताईंनी सही केली, पेन खाली ठेवला आणि विचारले, "सर, ह्यामुळं पुढच्या साली माझा करार तर थांबणार नाही न्हवं?"