वाचते कुठे, पाठ म्हणते!

आमची मनू साडेचार वर्षांची आहे आणि परवा ती वाचनात नापास झाली. परीक्षा शाळेत नव्हती. मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात होती, तीही पोरीच्या अंगात ताप असताना. परीक्षक होते १६ नंबरवाले आजोबा. आमचा नंबर १९, म्हणजे पेपर सोडून उठायचीही सोय नाही.

ऑक्टोबरातला दवाखाना. निम्मं डोंबिवली तिथे शिंकत बसलेलं. मनूने पिशवीतून तिचं उंदराच्या हरवलेल्या चपलेचं पुस्तक काढलं आणि मोठ्याने वाचायला लागली. हे पुस्तक रोज रात्री माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय ती झोपत नाही, त्यामुळे शब्दन् शब्द पाठ. दमून मी एखादं पान गाळलं तर हात धरून मागे नेते. पान कुठे उलटायचं ते बरोब्बर ठाऊक. उंदराच्या आईचा आवाज वेगळा, बोक्याचा वेगळा.

"वय काय?" शेजारून प्रश्न आला.

"साडेचार."

"वाचते?"

"म्हणजे... आवड आहे तिला," मी शक्य तितक्या विनयाने म्हणालो. आजोबांच्या खिशाला दोन पेनं होती, एक निळं, एक लाल. ते लाल पेन दिसलं तेव्हाच मी जागा बदलायला हवी होती.

आजोबांनी दोन पानं ऐकून घेतली आणि निकाल दिला. "वाचते कुठे, पाठ म्हणते! अहो, सगळी हयात मास्तरकीत गेली आमची. असे पोपट ढिगाने पाहिलेत." आणि त्यांनी चित्रावर सरळ पंजा ठेवला. "हं. आता वाच बाळ."

"आजोबा, हात काढा ना. उंदीर दिसत नाहीये."

"उंदीर नको बघू. अक्षर बघ."

"अक्षरात उंदीर नाहीये."

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की आरोपीने भर कोर्टात कबुलीच दिली. मग त्यांनी एका 'च'वर बोट ठेवलं. "हे कुठलं अक्षर?"

"चप्पल."

"शब्द नाही विचारला. अक्षर."

"चपलेतलं पहिलं!"

मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. अख्ख्या शब्दातून पहिला आवाज सुटा काढता येणं, हीच तर वाचनाची खरी सुरुवात. आपडी-थापडी खेळताना, टाळ्यांवर यमकं म्हणताना मुलांचा कान त्यासाठीच तयार होत असतो. पण आजोबांच्या प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नव्हता. "च म्हणायला काय होतं?" ते म्हणाले.

समोर रडकं बाळ घेऊन बसलेल्या बाईंना दया आली. "काका, ताप आहे हो तिला."

"ताप अंगाला आहे. डोळ्यांना नाही."

यावर मनूने एक काम केलं. पुस्तक उचललं, शांतपणे उलटं धरलं आणि पुढची गोष्ट त्याच सुरात चालू केली.

"पुस्तक उलटं आहे!" आजोबा इतक्या जोरात म्हणाले की कंपाउंडर खिडकीतून डोकावला. "बघा, बघा! पुस्तक उलटं आहे!"

"उंदीर झोपलाय आता," मनू म्हणाली.

मग मोर्चा माझ्याकडे वळला. "तुमचं माध्यम कुठलं?"

"मराठी."

"छान. मग 'ङ'वरून शब्द सांगा."

"वाङ्मय."

"तो मधे आला. मी सुरुवातीला विचारतोय."

मी गप्प. समोरच्या बाई गप्प. कंपाउंडरही विचारात पडलेला दिसला.

"नाहीच आहे!" आजोबा विजयाने म्हणाले. "एकही नाही! तरी तक्त्यात का ठेवलाय? शिस्त! शिस्त म्हणून!"

या सगळ्या वेळात त्यांचा नातू, असेल पाचेक वर्षांचा, शेजारच्या खुर्चीत मोबाइल घेऊन बसला होता. जाहिरात लागली की अंगठा आपोआप कोपऱ्यात जायचा आणि 'स्किप' दाबायचा. अक्षर एक येत नसणार. शब्दाचं ध्यान बघून तो ओळखत होता. सगळी मुलं सुरुवातीला अशीच, दुकानाची पाटी नाही तर बिस्किटाचा पुडा बघून 'वाचतात'. आणि पाठ गोष्ट पुस्तक धरून म्हणणं ही त्यापुढचीच पायरी. बाबांनी वाचलं काय, आजीने वाचलं काय, कागदावरचे काळे ठिपके रोज तेच बोलतात, हे मनूला कळलंय. हे सगळं मला आजोबांना ठणकावून सांगायचं होतं. सुचलं घरी येताना, रिक्षात.

घरी आमच्या भिंतीवर तो तक्ता आहे. आजोबांच्या शिस्तीतला. 'अ' अननसाचा इथवर संसार सुखाचा असतो. पुढे उखळ येतं, एडका येतो, ऐरण येते. एडक्याला मी मेंढीचा नवरा म्हणून निभावून नेलं. पण ऐरण कशाला लागते? लोहाराला. लोहार कोण? त्या संध्याकाळी बारा बलुतेदार झाले, 'ओ' राहून गेला. ईडलिंबू मी जन्मात खाल्लेलं नाही. मनूने आपणच 'ई इडलीचा' करून टाकलं. ऱ्हस्व-दीर्घाचा माझाही कान बेताचाच, मी सोडून दिलं.

'ल'चं प्रकरण मात्र सुटत नाही. माझी आई पाकळीचा ल काढते, शाळेच्या पुस्तकातही तोच. माझ्या फोनवर आणि अर्ध्या अधिक दुकानांच्या पाट्यांवर दांडीचा, हिंदी वळणाचा. मनूचा ठाम समज आहे की ही दोन वेगळी अक्षरं आहेत आणि मोठी माणसं तिच्यापासून काहीतरी लपवतायत. वास्तविक राज्य सरकारने २००९ मध्ये आदेश काढून पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय. फोनला कोण सांगणार? त्याच आदेशाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. आई म्हणते, महागाई सगळीकडेच आहे.

आणि शाळा! २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानतं, खेळातून शिकवा म्हणतं. आमच्या शाळेच्या फाटकावर 'हसत-खेळत शिक्षण' असा फलक आहे. फाटकाच्या आतून शुक्रवारी वही येते, प्रत्येक स्वराचं एकेक पान लिहून आणा. साडेचार वर्षांच्या मनगटात ते बळच नसतं. त्या हातांनी कणीक मळावी, वाटाणे सोलावेत, मणी ओवावेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं ते बिया, शिंपले, पानं, खडे घेऊन. आज ८० वर्षांनी मी रविवारी रात्री पोरीच्या मुठीत पेन्सिल कोंबतोय. ती रडते, मी ओरडतो, आई माझ्यावर ओरडते. शेवटची दोन पानं मी डाव्या हाताने लिहून टाकतो. गेल्या सोमवारी त्यावर शेरा आला, 'अक्षर सुधारा, पालकांनी लक्ष द्यावे.'

वर सल्ला ठरलेला, रोज वीस मिनिटं मुलांना वाचून दाखवा. कबूल. पण सल्ला देणाऱ्यांनी एकदा कल्याण लोकलच्या दारात लोंबकळत घरी यावं आणि मग बोक्याचा आवाज काढून दाखवावा. पुस्तकं वाचनालयातून आणा म्हणतात. आमच्या वाचनालयात बालविभाग म्हणजे एक कुलूपबंद कपाट आहे. किल्ली ज्यांच्याकडे असते ते गृहस्थ नेहमी आत्ताच जेवायला गेलेले असतात. काचेतून पुस्तकांच्या कडा दिसतात, तेवढंच वाचन.

आता १५ ऑक्टोबर आला. डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, म्हणजे वाचन प्रेरणा दिन. शाळेच्या ग्रुपवर सूचना आली, प्रत्येक मुलाने एकेक अक्षर छातीवर लावून यावे, अक्षर पालकांनी बनवावे. मनूच्या वाट्याला ळ.

स्टेशनरीच्या दुकानात मुलांपेक्षा आयाबापांचीच झुंबड. थर्माकोलची कापलेली अक्षरं टांगलेली होती. क होता, ग होता, दोन्ही ल होते. ळ नव्हता.

"ळ नाही येत," दुकानदार म्हणाला. "त्याच्यावरून काही सुरूच होत नाही ना, कोणी घेत नाही."

"पण मला तोच हवाय."

त्याने ड्रॉवर उघडला, आत चाचपलं आणि माझ्यासमोर इंग्रजी आकडा ठेवला. "आठ घेऊन जा. आडवा चिकटवा, वरून एक रेघ मारा. वीस रुपये."