सशक्त नायिका लिहिण्याची खात्रीची रीत

दिवाळी अंकाची कथा जुलैपर्यंत द्यायची आहे आणि संपादकांनी फोनवर 'यंदा जरा स्त्रीकेंद्री बघा ना' असं सुचवलंय. लेखकमहाशय, घाबरू नका. स्त्रीकेंद्री कथेसाठी स्त्रीची माहिती लागतेच असं नाही. तिला मधोमध उभी करायची आणि आपण भोवती फिरत राहायचं, की झालं.

सुरुवात आरशापासून करा. ४,००० शब्दांच्या कथेत पहिले १५० शब्द तिने आरशासमोर काढायचे. गव्हाळ रंग, चाळिशीतही न सुटलेला बांधा, कपाळावर आलेली चुकार बट. बट चुकारच हवी, कारण केस मागे घेऊन क्लिप लावणाऱ्या बाईच्या वाट्याला अजून कथानक आलेलं नाही. स्वतःच्या अंगाकडे ती परक्या माणसासारखी टक लावून बघते, आणि ते कुणाला खटकत नाही. त्याच घरातला नवरा दाढी करताना आरशात बघतो तेव्हा त्याला फक्त फेस दिसतो आणि ८:१२ची लोकल आठवते. ही वाटणी काटेकोर पाळा. त्याच्या ढेरीचं वर्णन करायला गेलात तर विनोदी कथा होईल.

पुढे तिची नोकरी. स्वावलंबी तर ती हवीच, पण 'एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर' एवढं बस्स. चौकशी करायला जाल तर फसाल. समजा, तिला बँकेत कॅशियर केलंत. मग कुणीतरी सांगणार की दिवसअखेर रोकड जुळल्याशिवाय कॅशियरला उठता येत नाही. तिजोरीच्या किल्ल्या दोघांत वाटलेल्या असतात, त्यामुळे दुसरा येईपर्यंत ती बंदही होत नाही. ५०० रुपये कमी आले तर सगळ्या थप्प्या पुन्हा मोजा, व्हाउचरं पुन्हा तपासा. आता साडेपाचला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून शून्यात बघणार कोण? शिवाय ५०० रुपयांचा घोळ शोधणारी बाई एकाकी वाटेनाशी होते. ती हुशार आणि वैतागलेली दिसायला लागते, आणि तशा बाईचं करायचं काय हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. नायकाची नोकरी मात्र सविस्तर येऊ द्या. टेंडर, बढती, साहेबाचं राजकारण, सगळं. त्याला माणूस करायचंय.

मग ती सशक्त होणार कशी? अत्याचाराने, दुसरं काय! पुरुष पात्र हट्टाने, ईर्ष्येने, कधी नुसत्या खाजेनेसुद्धा काहीतरी करून दाखवतं. बाईला तसं परवडत नाही, तिला आधी भोगायला लावावं लागतं. काका, क्लासचे सर, शेजारी, कुणीही चालेल. प्रसंग दीड पान आणि अगदी ओढणीच्या रंगासकट. नंतरची पोलीस चौकी, वैद्यकीय तपासणी, कोर्टाच्या तारखा हे सगळं कंटाळवाणं असतं, ते एका वाक्यात उरका: 'त्या रात्रीनंतर ती ती राहिली नाही.' नायिका शहरी पांढरपेशी असेल तर घाव मनावर होतो. मजूर, दलित किंवा आदिवासी असेल तर तो अंगावर होतो आणि परीक्षक लेखणीला 'रसरशीत' म्हणतात.

धुणीभांडी करणाऱ्या बाईला आडनाव देऊ नका. नुसती 'मावशी'. तिने भांडी घासता घासता बोलीभाषेत एक शहाणं वाक्य टाकायचं, बाईसाहेबांचे डोळे उघडायचे आणि हात पुसत निघून जायचं. ती किती घरं करते, खाड्याचे पैसे कापतात का, असं काही विचारलंत तर कथा तिचीच होऊन बसेल.

दिवस गेल्याची बातमी बेसिनकडे धावत जाऊन द्यावी. एरवी या नायिकेला पाळी वगैरे येत नाही. मूल नको असेल तर डॉक्टरांनी 'मिस्टरांची सही लागेल' म्हणायचं, मिस्टरांनी सही नाकारायची, पुढची दोन पानं संघर्ष. १९७१च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही, ही माहिती कथेच्या जवळपास फिरकू देऊ नका. (कायदा तिच्या बाजूने असूनही दवाखाना सही मागतो, याची कथा खरं तर जास्त चांगली होईल. पण त्यासाठी रिसेप्शनवरचा फॉर्म वाचावा लागतो, आणि आपण पडलो प्रतिभावंत.)

हल्ली एखादी वाचक बेक्डेल कसोटी लावून बघते. एलिसन बेक्डेल या अमेरिकन चित्रकर्तीने १९८५ साली एका व्यंगपट्टीत सिनेमासाठी सांगितलेल्या तीन अटी आहेत त्या: निदान दोन बायका असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि पुरुषाखेरीज कशाबद्दल तरी बोलाव्यात. घाम फुटायचं कारण नाही. 'मेथी कशी दिली?' 'तीस रुपये जुडी.' झालात पास! दोघींना त्याहून जास्त वेळ एकत्र ठेवू नका. हसायला लागल्या तर आवरणं कठीण जातं आणि नायकाचा प्रवेश लांबतो.

बायकांनी लिहिलेलं फार वाचू नये, हात आखडतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे १८८२ सालीच 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून बसल्यात. बायकांवर लादलेला एकेक दुर्गुण उचलायचा आणि तोच पुरुषांत किती भरलाय ते दाखवायचं, असला सगळा हिशेब आहे त्यात. १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' आलं, तेव्हा गहजब झाला आणि ही बाई आहे तरी कोण, याचा शोध सुरू झाला. तो शिरस्ता आजही उपयोगी आहे. बाईने लिहिलं की 'हे तुमच्याच आयुष्यातलं का हो?' असं विचारावं. आपण लिहिलं की त्याला परकायाप्रवेश म्हणतात.

राहता राहिला शेवट. तो ठरलेलाच आहे: ती घर सोडते. पाऊस, एक बॅग, मागे वळून न बघणं. बॅगेत काय आहे ते सांगू नका, तिथेच भल्याभल्यांची गाडी घसरते. आधार, पॅन, पासबुक, लॉकरची किल्ली, थायरॉईडच्या गोळ्या, चार्जर, असं भरायला लागलात की ती आठवडाभर आधीपासून तयारी करत होती हे उघड होतं. मग त्या आठवड्याबद्दल लिहावं लागतं. मग भाड्याची खोली, डिपॉझिट, दलालाला महिन्याचं भाडं आणि 'एकट्या बाईला आम्ही देत नाही' म्हणणारे सोसायटीचे सेक्रेटरी. घटस्फोटाचंही तेच. टेबलावर कागद, कागदावर सही आणि ती मोकळी, एवढंच ठेवा. परस्पर संमतीने घ्यायचा म्हटलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-बप्रमाणे अर्जाआधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर साधारणपणे सहा महिने थांबावं लागतं, कोर्टाने सूट दिली तर गोष्ट वेगळी. दीड वर्ष पाऊस कुठून आणणार?

तेव्हा तिला फाटकापर्यंत न्या आणि पूर्णविराम द्या. अंक आल्यावर एखाद्या बाईचा फोन येईल, 'छान आहे हो, पण ती त्या रात्री राहिली कुठे?' शेवट खुला ठेवलाय, म्हणून सांगा.