हेडलाइटात पाणी, आणि म्हणे नॉर्मल आहे!

"पावसाळ्यात होतंच हो, नॉर्मल आहे." हे वाक्य सर्व्हिस सेंटरवाल्यांकडून पाठ करून घेतात काय? काचेवर आतून हलकं धुकं आलं आणि लाइट लावल्यावर थोड्या वेळात गेलं तर नॉर्मल, कळतं मला पण, हवा खेळायला व्हेंट असतात म्हणून. पण इथे तळाला पाणी डुचमळतंय, गप्पी मासे सोडायचे तेवढे बाकी आहेत, हे पण नॉर्मल? रात्री चोर्ला घाटात बाहेर धुकं, दिव्यात धुकं, गाडी काय अंदाजाने हाकायची?

आणि सल्ले तर विचारूच नका. फोंड्यातला मेकॅनिक म्हणतो मागचं झाकण काढून उन्हात ठेवा. जुलैत? गोव्यात? ऊन आणू कुठून, भाड्याने? शेजारी म्हणतो हेअर ड्रायर मारा, कोण म्हणतं बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका, अहो पण सील फाटलंय ते कोण बघणार?? आणि जो बघतो तो बाहेरून सिलिकॉन थापतो, आतलं पाणी आतच, वर व्हेंटपण बुजवून मोकळा. धन्य!

शेवटी काय, "अख्खी असेंब्ली बदला." म्हणजे पूर्ण हेडलाइटच, एवढ्याशा सीलसाठी! वॉरंटी? "पाणी बाहेरून गेलंय, बसत नाही." मग काय आतून झरा फुटतो का हेडलाइटात? वर म्हणे एकच बदलला तर एक लख्ख एक पिवळा दिसेल, दोन्ही बदला. हो हो, बोनेटपण बदला, नंबरप्लेट तेवढी जुनी ठेवा.