निम्मी वर्गात, निम्मी ऑनलाइन, आणि बाई एकच

विषय नंद्याने काढला. त्याच्या पोराच्या शाळेने, पुन्हा कोविडसारखी साथ आलीच तर काय, याचा आराखडा पालकांना पाठवलाय. निम्मी मुलं वर्गात, निम्मी घरून, एकाच वेळी, एकच शिक्षक, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. पालकांनी मत कळवायचंय आणि नंद्याला स्वतःचं मत कधीच नसतं, म्हणून कट्ट्यावर आणलं.

"एक नंबर!" बाळ्या. प्रश्न संपायच्या आधी याचं उत्तर सुरू. "हायब्रिडच फ्यूचर आहे रे. एक कॅमेरा लावला, काम झालं. खरं तर वर्ग तरी कशाला पाहिजेत, एक बेस्ट टीचर रेकॉर्ड करा आणि सगळ्यांना दाखवा. स्केल होतं."

शुभा लहान वर्गांना शिकवते आणि त्या दिवसांत हे दोन्ही एकदम केलंय तिने. म्हणाली, "कॅमेरा लावलेल्या वर्गात तू अर्धा तास उभा राहून दाखव, मग स्केल कर."

मग तिने सांगितलं ते मला कुठल्याच आराखड्यात वाचायला मिळालं नव्हतं. फळ्यावर खिडकीचा उजेड पडायचा, वर्गातल्यांना नीट दिसायचं पण घरच्यांना नुसता पांढरा पट्टा, म्हणून लगेच "बाई दिसत नाहीये, बाई दिसत नाहीये". खिडकी लावून घेतली तर फळा दिसणार, पण साथ हवेतूनच पसरते आणि खिडक्या उघड्या ठेवणं हाच तर मोठा उपाय. "म्हणजे मी समोरच्यांची काळजी घेऊ की स्क्रीनवरच्यांना फळा दाखवू? आणि तेवढ्यात बाकावरचा एक वही दाखवायला उठून येतोय, त्याला लांबूनच थांब म्हणायचं. दोन्हीकडची पोरं अर्धी अर्धी शिकली, मी मात्र पूर्ण दमले."

बाळ्या म्हणाला, "तो सेटअपचा प्रॉब्लेम आहे, चांगला कॅमेरा घ्यायचा." याच्याकडे प्रत्येक गोष्टीला ॲप नाहीतर कॅमेरा. सहलीसाठी आम्हाला सगळ्यांना एक ॲप डाऊनलोड करायला लावलेलं याने, वोटिंग झालं, बजेट झालं, पाय चार्ट झाला, सहल आजतागायत निघाली नाही. विन्याने ते काढलंच. बाळ्या म्हणे तुम्ही लोकांनी नोटिफिकेशन बंद ठेवलेली. त्यावर दहा मिनिटं गेली.

शुभाने गाडी परत रुळावर आणली. म्हणाली, एक मुलगा रोज वहीचा फोटो पाठवायचा, अक्षर छान, मी स्टार द्यायचे. शाळा उघडल्यावर शेजारी बसून बघितलं तर हा प्रत्येक अक्षर खालून वर काढतोय, पेन्सिल मुठीत धरून. फोटोत फक्त झालेलं अक्षर दिसतं, हात कसा चालला ते दिसत नाही. ते सोडवायला मला त्याचा हात हातात धरून बसावं लागलं कितीतरी दिवस. "हे तुझा रेकॉर्ड केलेला बेस्ट टीचर करणारे का?"

"एका मुलाचं उदाहरण हा डेटा नाही," बाळ्या.

तेव्हा मी मध्ये पडलो, कारण हे मी वाचलेलं. नेदरलँड्सचं घे, घरोघरी उत्तम इंटरनेट असलेला देश, २०२० मध्ये शाळा फक्त ८ आठवडे बंद होत्या, आणि संशोधकांनी आधीच्या वर्षांच्या परीक्षांशी ताडून बघितलं तर घरून शिकताना मुलांची प्रगती जवळपास शून्य. ज्या घरात आईवडील कमी शिकलेले तिथे नुकसान आणखी जास्त. हे ८ आठवड्यांत. युगांडात मार्च २०२० ला बंद झालेल्या शाळा पूर्ण उघडायला जानेवारी २०२२ उजाडला. आणि हे काही आजचं नाही, १९३७ मध्ये शिकागोत पोलिओमुळे शाळा उघडता येईनात तर रेडिओवर धडे दिले, वर्तमानपत्रात वेळापत्रक छापलं, पालकांसाठी फोन लाइन ठेवली, तर फोन कसले आले, रेडिओ नीट ऐकू येत नाही!

"आवाज येत नाहीये," नंद्या आणि विन्या एकदम.

पण विन्या गंभीर होता. त्याची आई दम्याची, त्याच घरात, आणि पोरगी शाळेतून काय घेऊन येईल याने तो तेव्हा झोपायचा नाही. "तुम्ही शाळा उघडा म्हणता, माझ्या घरात आई खोकते तेव्हा तुम्ही नसता." यावर कोणी काही बोललं नाही. शुभा म्हणाली, "अरे तुझी पोरगी घरीच राहू दे की. म्हणून तर ऑनलाइन पाहिजेच. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी, मोठ्या मुलांसाठी. फक्त त्याला वेगळे शिक्षक द्या, वेगळी वेळ द्या. निम्मी-निम्मी वाटणी पटावरच्या नंबराने कशाला करता, गरजेने करा ना! दोघं भाऊबहीण एकाच शाळेत, एकाचा वार सोमवार आणि दुसरीचा मंगळवार, मग आईने कामावर जायचं कधी?"

मला हे शंभर टक्के पटतं आणि नंद्याने तेच शाळेला लिहून कळवावं असं मी त्याला तिथेच सांगितलं. जागा कमी असेल तर आधी कोण, हा खरा प्रश्न आहे. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला शाळा उघडल्या त्या लहानांपासून, छोटे गट करून, जमेल तेवढं उघड्यावर शिकवत. कितीतरी ठिकाणी बरोब्बर उलटं केलं, आधी मोठे वर्ग आणि अक्षरओळख होणारी पोरं सगळ्यात शेवटी.

"पण दहावीचं वर्ष!" नंद्याला अचानक मत फुटलं, कारण मोठी दहावीत जातेय. "त्यांचं आयुष्य त्यावर अवलंबून आहे."

"प्रयोगशाळेपुरती बोलवा तिला," शुभा. "दहावीतली मुलगी पुस्तक उघडून स्वतः वाचू शकते, अडलं तर विचारू शकते. सहा वर्षांच्या पोराला आपल्याला काय अडलंय हेच सांगता येत नाही. आणि ज्या घरात एक फोन आणि तीन मुलं, तिथे तो फोन मोठ्यालाच मिळतो."

नंद्या पुटपुटला की बायको हे ऐकून घेणार नाही. मग त्याच्या बायकोवरून थोडं झालं, ते इथे लिहीत नाही.

बाळ्या एवढा वेळ गप्प कसा म्हणून बघतो तर हा एका कानावर हात धरून बसलेला. "पण एंगेजमेंट मोजता येते," परत सुरू झाला, "डॅशबोर्डवर कळतं की मुलगा हजर आहे की..." आणि तेवढ्यात त्याच्या कानातलं ते छोटं पांढरं पडलं खाली, फोनचा स्पीकर चालू झाला आणि एक बाई मोठ्यांदा विचारतायत, "आहात का तुम्ही? तिसऱ्यांदा विचारतेय."

साहेब ऑफिसच्या मीटिंगमध्ये हजर होते. कॅमेरा बंद करून, तासभर, आमच्यासोबत कट्ट्यावर!

"हो हो मॅडम, नेटवर्क..." बाळ्या उठून पळाला. शुभा ओरडली, "याला पटावर हजर लावा गं कोणीतरी!" विन्या तर डोळे पुसत हसत होता. नंद्याचं पत्र राहिलंच, शुभा म्हणाली मीच लिहून देते, तू फक्त सही कर.