किल्ली शेजारच्या वहिनींकडे

फेब्रुवारीत मुलांना शाळेची सुट्टी लागली तेव्हा आम्ही लीड्सहून रॉबिन हूड्स बेला गेलो. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं हे जुनं कोळ्यांचं गाव. गाडी वर ठेवायची आणि बॅगा उचलून तो खडा उतार उतरायचा. खालच्या गल्ल्या अशा की समोरून कुणी आलं तर आपण कुणाच्या तरी पायरीवर चढायचं. लाल कौलं पाहून लेक म्हणाली, "आई, आपल्या गुहागरच्या घरासारखी आहेत." अगदीच तशी नव्हती, पण मला बरं वाटलं.

कॉटेज चार रात्रींसाठी घेतलं होतं. मालकाचं तोंडही दिसलं नाही. दाराशेजारी भिंतीत आकड्यांच्या कुलपाची एवढीशी पेटी, तिच्यात किल्ली. नवरा पावसात मोबाईलच्या उजेडात आकडे फिरवत उभा राहिला. आत मात्र सगळं नीटनेटकं. फ्रिजमध्ये दुधाची बाटली, लाकडाची शेगडी, कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा याची फाइल.

रात्री खिडकीत उभी राहिले तर गल्लीत अंधार. दुसऱ्या दिवशी फिरताना दारं मोजली. चौदांपैकी नऊंवर तशीच किल्लीची पेटी.

त्याच आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जोरात भांडण चाललं होतं. कुणीतरी आंब्याची बाग पुण्याच्या पार्टीला दिली, तिथे बंगले होणार. "गाव विकायला काढलंय," "उद्या आपणच पाहुणे होऊ," "गोव्याचं काय झालं बघा." माझ्या चुलतभावाने, दादाने, मागच्या अंगणात पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्यात, त्यालाही चार शब्द ऐकवले गेले. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हा कायदा १९४८ पासूनचा. तो कसा वाकवतात हे ग्रुपवर सगळ्यांनाच माहीत, तरी प्रत्येक वेळी प्रश्न एकच: घेणारा कुठला?

इथे वाद तोच, पण प्रश्न वेगळा विचारतात: घरात राहतं कोण? शेजारच्या व्हिटबीत २०२२ च्या जूनमध्ये लोकांचं मत घेतलं. नवीन घरं कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत असं मत देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जण म्हणाले. त्याला कायद्याचं बळ नव्हतं. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजने मात्र २०१६ मध्येच मतदान करून तसा नियमच केला. आणि एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना, म्हणजे इथल्या नगरपालिकांना, दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, लावता येतो. रॉबिन हूड्स बे ज्यात येतं त्या नॉर्थ यॉर्कशरने तो लावलाही.

गोरे लोक शहाणे आणि आपण अडाणी, असं मात्र मला म्हणायचं नाही. पळवाट इथेही आहे. घर वर्षातले १४० दिवस भाड्यासाठी मोकळं ठेवलं आणि ७० दिवस खरोखर दिलं की तो धंदा ठरतो. मग कौन्सिल टॅक्सच नाही, आणि छोट्या धंद्याच्या सवलतीमुळे त्याऐवजीचा करही बऱ्याचदा शून्यावर येतो. म्हणजे आमच्या चार रात्री कुणाच्या तरी सत्तरीत जमा झाल्या. शनिवारी सकाळी निघताना साफसफाईला आलेल्या बाई चादरींचा गठ्ठा घेऊन दारात उभ्या होत्या. इथेच जन्मल्या, आता बसने येतात. गावात भाड्याने घर मिळत नाही म्हणाल्या. मी नुसती मान हलवली. काय बोलणार, मी त्यांच्या गल्लीतल्या घरात झोपून उठले होते.

परतीच्या वाटेवर आमचं गुहागरचं घर डोक्यात घोळत होतं. पाच खोल्या, ओटी, पडवी. गणपतीचे दहा दिवस आणि मे महिन्यातला एखादा आठवडा सोडला तर बंद. किल्ली शेजारच्या वहिनींकडे. त्या पावसाळ्याआधी कुलपाला तेल घालतात. वाडीत अशी कुलपं निम्म्याहून जास्त, आणि एकही पुण्याच्या पार्टीचं नाही. सगळी आमचीच, मुंबईकरांची, आता लीड्सकरांचीही. पुण्याचा माणूस वर्षातून वीस दिवस आला तर तो गावाचा घात, आणि आम्ही पंधरा दिवस आलो तर ते मूळ घर? दादाच्या दोन खोल्यांत निदान दिवा तरी लागतो. आणि शाळेवरच्या नव्या बाई तालुक्याहून एसटीने ये-जा करतात, कारण वाडीत त्यांना भाड्याने खोली मिळत नाही.

घरी पोचल्यावर ग्रुपवर लिहिलं: आपली पडवीकडची बाजू त्या बाईंना भाड्याने देऊया का? बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग अंधेरीच्या काकांचा मेसेज आला, "भाडेकरू बसला की उठत नाही." त्याखाली सात अंगठे. आणि थोड्या वेळाने दादरच्या आत्याचा, "अगं, आणि गणपतीत आम्ही उतरायचं कुठे?"