शस्त्राचा हक्क घटनेत आहे, म्हणून मत द्यायचे नाही?

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने फिरत आलेला एक मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिले, "मामा, मग या वेळी मी मतदानाला जात नाही." तो व्हर्जिनिया राज्याची राजधानी असलेल्या रिचमंडजवळच्या एका पेट्रोल पंपावर रात्रपाळी करतो, रीतसर घेतलेले पिस्तूल बाळगतो, आणि अमेरिकेचे नागरिकत्व मिळून त्याला जेमतेम वर्ष झाले आहे. मजकूर सांगतो की शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत आहे, सुप्रीम कोर्टाने तो पक्का केला आहे, राज्याच्या निवडणुकांचा त्याच्याशी संबंध नाही, एका मताने काही होत नाही, आणि मतदार म्हणून नाव नोंदवले की घरातल्या बंदुकांची माहिती सरकारकडे जाते.

शस्त्र बाळगण्याचा हा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती सहजासहजी रद्द होणार नाही, एवढे मान्य करावे लागेल. त्यासाठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि ५० पैकी ३८ राज्यांची संमती लागते. परंतु सुप्रीम कोर्टाच्या ज्या २००८ सालच्या हेलर निकालाचा हवाला मजकुरात दिला आहे, तो ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने लागला आणि त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी हा हक्क अमर्याद नसल्याचे स्पष्ट लिहिले आहे. मर्यादा घालणारे कायदे बहुतांशी राज्यांची विधिमंडळे करतात, आणि ते तपासणारे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात व सिनेट मंजूर करते. या दोघांनाही मतदारच निवडतात.

व्हर्जिनियात महिन्याला एकच पिस्तूल विकत घेता येईल, असा कायदा १९९३ साली झाला, २०१२ साली रद्द झाला आणि २०२० साली पुन्हा आला. या सगळ्या काळात दुसऱ्या घटनादुरुस्तीतला एक शब्दही बदलला नाही. बदलले ते रिचमंडच्या विधिमंडळातले बहुमत.

"एका मताने काही होत नाही" हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण ते व्हर्जिनियातल्याच माणसाला पाठवले गेले. २०१७ साली न्यूपोर्ट न्यूज शहरातल्या विधिमंडळाच्या ९४ व्या मतदारसंघात फेरमोजणीअंती डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सायमंड्स एका मताने पुढे होत्या. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांसमोर एक वादग्रस्त मतपत्रिका आली, जिच्यावर दोन्ही उमेदवारांपुढची वर्तुळे भरलेली होती आणि सायमंड्स यांच्या वर्तुळावर एक तिरकी रेघ होती. ते मत रिपब्लिकन पक्षाच्या डेव्हिड यॅन्सी यांना धरण्यात आले आणि दोघांची मते ११,६०८ अशी समसमान झाली. जानेवारी २०१८ मध्ये दोन नावांच्या चिठ्ठ्या एका चिनी मातीच्या वाडग्यात टाकून एक काढली गेली. ती यॅन्सी यांची निघाली, आणि १०० जणांच्या सभागृहात रिपब्लिकन पक्षाचे बहुमत ५१ विरुद्ध ४९ असे टिकले. जुलै २०१९ मध्ये, व्हर्जिनिया बीचच्या गोळीबारानंतर, गव्हर्नरांनी बंदूक कायद्यांसाठी बोलावलेले खास अधिवेशन याच बहुमताने सुमारे दीड तासात तहकूब केले.

त्याच नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली. निम्म्याहून कमी नोंदणीकृत मतदारांनी मतदान केले आणि दोन्ही सभागृहे बंदुकांवर मर्यादा घालू पाहणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. त्यानंतर अनेक काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) दुसऱ्या घटनादुरुस्तीच्या समर्थनार्थ ठराव केले, पण राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी त्यांना कायदेशीर वजन नसल्याचे सांगितले. २० जानेवारी २०२० रोजी कडाक्याच्या थंडीत सुमारे २२,००० लोक रिचमंडच्या कॅपिटॉलभोवती, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीभोवती, जमले. त्यांची तळमळ खरी होती आणि मला तिच्याविषयी आदर आहे. पण ज्यांच्यापुढे ते गाऱ्हाणे मांडत होते, ते लोक अडीच महिन्यांपूर्वीच निवडून आले होते. १ जुलैपासून खासगी विक्रीतही खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी, रेड फ्लॅग कायदा (धोकादायक ठरलेल्या व्यक्तीची शस्त्रे कोर्टाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेणारा) आणि महिन्याला एक पिस्तूल ही मर्यादा लागू झाली. पुढे २०२४ साली दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेली असॉल्ट वेपन्सवरील (लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवरील) बंदी तत्कालीन गव्हर्नर यंगकिन यांच्या नकाराधिकाराने अडली. हे गव्हर्नर २०२१ साली सुमारे दोन टक्क्यांच्या फरकाने निवडून आले होते.

राहिला नोंदणीचा मुद्दा. मतदार नोंदणीच्या अर्जात बंदुकीविषयी एकही प्रश्न नसतो, आणि बंदूकमालकांची राष्ट्रीय नोंदवही करण्यास १९८६ च्या संघीय कायद्याने मनाई आहे. मी भाच्याला तो अर्ज पाठवला आहे. रविवारी तो जेवायला आला की आम्ही दोघे मिळून तो भरणार आहोत.